पिचिंग करताना स्पूलवर गुंता: तो नेमका कधी पडतो ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमध्ये बास (गोड्या पाण्यातला एक मासा) पकडायला नव्याने सुरुवात केली आहे. ७ फूट ३ इंचांचा हेवी रॉड, बेटकास्टिंग रीळ, त्यावर ५० पौंडी ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन आणि अर्ध्या औंसाचा जिग, म्हणजे जड डोक्याचा गळ. डोक्यावरून लांब फेक बऱ्यापैकी जमते. पण बुडालेल्या झाडांत किंवा डॉकखाली (पाण्यातल्या धक्क्याखाली) जवळून पिचिंग करायला, म्हणजे जिग खालून झुलवून टाकायला गेलं की स्पूलवर (रिळातल्या लाइन गुंडाळलेल्या फिरत्या चकरीवर) लाइनचं घरटं तयार. ब्रेक वाढवून पाहिले, टेन्शनचा नॉब आवळला, तरी गुंता होतोच, वर जिग अर्ध्या वाटेत पडतो. आणि फ्लिपिंगमध्ये (हातात धरलेली लाइन सोडत जिग अगदी जवळ झुलवणं) तर स्पूल फिरतही नाही म्हणतात, मग तिथे लाइन का अडकते?

आधी नॉब सैल करा. ब्रेकही कमी करा. ऐकायला उलटं वाटेल, पण तुमचा गुंता बहुधा आवळण्यातूनच येतो आहे.

डोक्यावरून फेकताना रॉड मागे वाकतो आणि सरळ होताना जिगला एकदम वेग देतो. त्याच झटक्यात स्पूल मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या गतीला पोचतं. पुढे हवा कापताना जिग मंदावतो, स्पूल मात्र आपल्या जडत्वाने फिरत राहतं आणि जिगला लागते त्याहून जास्त लाइन सोडतं. पतंगाने ओढ सोडली आणि फिरकी मात्र गरगरतच राहिली की मांजाचं जे होतं, तेच इथे होतं. रिळातले ब्रेक मुख्यतः या टप्प्यासाठी बनवलेले असतात. सेंट्रिफ्युगल ब्रेकमधले छोटे ठोकळे स्पूल फिरू लागलं की बाहेर सरकून कड्यावर घासतात. त्यांचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये काहीच घासत नाही. चुंबकासमोर धातू फिरल्यामुळे विरोध तयार होतो आणि साधारणपणे तो वेगाच्या प्रमाणात वाढतो.

पिचिंगमध्ये रॉड फारसा वाकतच नाही. जिग लंबकासारखा झुलत निघतो, पाच ते दहा मीटर जातो आणि सगळा प्रवास सावकाश असतो. एवढ्या वेगाला सेंट्रिफ्युगल ब्रेक जेमतेम जागा होतो. टेन्शनचा नॉब मात्र स्पूलच्या आसाला दोन्ही टोकांनी दाबून धरतो, आणि तो दाब वेग कितीही असला तरी तेवढाच राहतो. म्हणजे नॉब आवळला की त्याचा सगळा त्रास सुरुवातीलाच होतो. स्पूल हलायला तयार नसतं, जिग जवळच पडतो. मग पुढच्या वेळी आपण नकळत मनगटाला हिसका देतो. हिसक्याने स्पूल जिगच्या पुढे धावतं आणि गुंता होतो. गुंता झाला म्हणून नॉब आणखी आवळायचा, त्यामुळे आणखी जोरात हिसका. या चक्रात बहुतेक नवशिके अडकतात.

नॉब लावायची सर्वांना शिकवलेली रीत अशी: जिग लोंबता ठेवायचा, अंगठा उचलायचा, जिग हळूहळू खाली यावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं. फेकायला शिकताना हे ठीक आहे. पिचिंगसाठी त्याहून बरंच सैल लागतं. स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवून बघा. आसाला जाणवेल न जाणवेल एवढीच हालचाल उरेल इतपत नॉब सोडायचा, त्याहून जास्त नाही. आता जिग सोडला तर तो धपकन खाली येईल आणि जमिनीला टेकल्यावर अंगठा लावला नाही तर स्पूल फिरत राहील. तसंच हवं आहे. मॅग्नेटिक ब्रेक १ ते १० आकड्यांचा असेल तर २ किंवा ३ वर ठेवा. सेंट्रिफ्युगल असेल तर दोन ठोकळे चालू ठेवले तरी पुष्कळ. दायवाच्या मॅगफोर्स-झेडसारख्या रचनेत स्पूलचा वेग वाढला तरच आतला भाग सरकून चुंबकाच्या क्षेत्रात जातो, त्यामुळे पिचिंगच्या वेगाला ते जवळजवळ मोकळंच राहतं.

एवढं केल्यावरही गुंते पडतील. आता प्रत्येक वेळी एकच बघायचं: गुंता सुरुवातीला पडला, वाटेत पडला, की जिग पाण्याला लागताना? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर बिघडतं.

सुरुवातीचा गुंता हातांच्या वेळेचा असतो. उजव्या हातात रॉड, टोक खाली लक्ष्याच्या दिशेने. अंगठ्याची कळ (स्पूल मोकळं करणारी) दाबलेली आणि अंगठा स्पूलवर. टोकापासून लोंबणारी लाइन इतकी सोडायची की डाव्या हातात धरलेला जिग रिळाच्या बाजूला, साधारण मांडीजवळ येईल. जिग डोक्याकडून धरायचा, गळाचं टोक बोटांपासून बाहेरच्या बाजूला. हे सांगायला नको, पण सांगतो, कारण सुटताना गळ बोटात घुसणं ही या प्रकारातली नेहमीची जखम आहे. लाइन किंचित ताणलेली असू द्या. आता मनगट आणि कोपर मिळून रॉडचं टोक वर, पुढे उचलायचं. टोक वर जाऊ लागलं की लाइनच जिगला हातातून ओढून घेते, आपण फक्त बोटं उघडायची. डाव्या हाताने जिग फेकायचा नाही. फेकला की लाइन क्षणभर ढिली पडते, मग एकदम ताणली जाते आणि स्पूलला झटका बसतो. तो झटका म्हणजेच सुरुवातीचा गुंता. रॉडचं टोक फार उंच नेलं तरी असंच होतं: जिग वर उडतो, कमान करून खाली येतो, आणि कमानीच्या माथ्यावर लाइन ओढायला कोणीच नसतं. चांगल्या पिचमध्ये जिग पाण्याच्या वीतभर वरून सरळ सरकत जातो.

अंगठा कधी हलका करायचा? जिग खालून झुलत पुढे येऊन रॉडच्या टोकाखालून निसटतो त्या सुमारास. लवकर सोडला तर जिग तुमच्या पायाशी पाण्यात जातो, उशिरा सोडला तर आकाशात. "हलका" हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण अंगठा पूर्ण उचलायचाच नाही. अंगठ्याच्या टोकाची कडेची बाजू लाइनवर टेकून राहते आणि लाइन तिच्याखालून घसरत जाते. स्पूल पुढे धावायला लागलं तर लाइन आधी फुगते, आणि हे डोळ्याला दिसण्यापूर्वी अंगठ्याला कळतं. नवीन माणूस रिळाकडे बघत पिच करतो आणि नेम चुकवतो. बघायचं असेल तर जिगकडे बघा.

वाटेतला गुंता वेगळाच असतो आणि बहुतेकदा त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. जिग छान निघाला, अर्ध्यावर जाऊन हवेत झटका खाऊन थांबला, आणि स्पूलवर पुंजका उभा राहिला. याचं कारण स्पूलच्या आत आहे. ५० पौंडी ब्रेडेड लाइनची जाडी ०.३६ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे ताकदीच्या मानाने ती फारच बारीक. गळ जोरात ओढून मासा बाहेर काढला, किंवा फांदीत अडकलेला जिग रिळानेच ओढून सोडवला, की वरचा थर खालच्या सैल थरांत पाचरीसारखा घुसतो. पुढच्या पिचला ती जागा आली की लाइन अडते. उपाय साधा आहे. अडकलेलं सोडवल्यावर दहा-पंधरा मीटर लाइन हाताने काढा आणि ओल्या कापडात चिमटीत धरून घट्ट गुंडाळून घ्या. अडकलेला जिग ओढायचा तर लाइन हाताला गुंडाळून ओढू नका. ब्रेडेड लाइन चामडी कापते. जाड लाकडी दांडक्याला वेढे द्या आणि दांडकं ओढा. नवी लाइन भरताना सुरुवातीचे काही मीटर साधा तंगूस भरला तर ब्रेडेड लाइन स्पूलवर सरकत नाही. सरकली तर ड्रॅग (मासा ओढताना स्पूलला धरून ठेवणारा ब्रेक) कितीही आवळा, मासा लाइनचा सगळा गठ्ठाच फिरवतो.

स्पूल काठोकाठ भरायचा सल्ला लांब फेकीसाठी बरोबर आहे, पिचिंगसाठी नाही. तुम्हाला दहा मीटर लाइन लागते आहे. दीडशे मीटर भरलेली असेल तर उरलेली एकशे चाळीस मीटर नुसती ओझं म्हणून फिरते. ते ओझं हलायलाही वेळ घेतं आणि थांबायलाही. अर्ध्या ते पाऊण स्पूलवर पिच करून बघा, फरक पहिल्या पाच मिनिटांत कळेल. दर फेरीला लाइन थोडी कमी गुंडाळली जाते, हा तोटा मी चालवून घेतो.

आता शेवटचा गुंता, जिग पाण्याला लागतानाचा. सर्वांत जास्त हाच पडतो आणि यावर कोणत्याही कंपनीचा ब्रेक पुरत नाही. कारण जिग पाण्याला लागताच थांबतो, स्पूलला कोणी सांगितलेलं नसतं. सांगायचं काम अंगठ्याचं. जिग पाण्यापासून हातभर असताना अंगठ्याचा दाब वाढवायला लागायचं आणि तो पाण्याला टेकतो त्याच क्षणी स्पूल पूर्ण थांबवायचं. यात दुसरा फायदाही आहे, आणि तो माशांच्या बाबतीत जास्त मोलाचा: दाब आधी आला की जिग धबकन न पडता अलगद आत जातो. उथळ पाण्यात झुडपाखाली बसलेला बास आवाजाने हलतो. टोक जिगच्या मागोमाग थोडं खाली आणत गेलात तर लाइन सरळ राहते आणि अंगठ्याला एकट्याला सगळं करावं लागत नाही.

यानंतर एक चौथी जागा आहे, ती बरेच जण मोजतच नाहीत. जिग पाण्यात गेला, आता तो तळापर्यंत सरळ खाली जायला हवा. लाइन ताणून धरली तर तो लंबकासारखा आपल्याकडे सरकतो आणि झाडाच्या बुंध्यापासून दूर पडतो. म्हणून अंगठा पुन्हा हलका करून लाइन द्यावी लागते. आधी स्पूल पूर्ण थांबवलं होतं की नुसतं मंद केलं होतं, हे इथे उघडं पडतं. जिग पाण्यात हवेपेक्षा खूपच हळू उतरतो, मंद झालेलं स्पूलसुद्धा त्याच्यापेक्षा वेगात असतं, आणि लाइनचे वेढे मोकळे होऊन साइड प्लेटच्या (रिळाच्या बाजूच्या झाकणाच्या) फटीत शिरतात. त्यापेक्षा डाव्या हाताने रीळ आणि पहिल्या गाइडच्या (रॉडवरच्या कडीच्या) मधली लाइन थोडी थोडी ओढून द्या, अंगठ्याखालून. मासा याच उतरण्याच्या वेळी जिग तोंडात घेतो. लाइन टचकन हलली किंवा तळ यायच्या आधीच थांबली, तर अंगठा दाबा, हँडल फिरवून स्पूल जोडून घ्या आणि मग ओढा. घाईत अंगठा कळेवर पडला आणि तसंच जोरात ओढलं, तर मोकळं स्पूल उलटं सुटतं. याहून वाईट गुंता नाही, आणि मासाही जातो.

उजवा हात रॉडला आणि उजवंच हँडल अशी जोडी असेल तर प्रत्येक पिचनंतर रॉड डाव्या हातात घ्यावा लागतो. नेमकं त्याच क्षणी अंगठा स्पूलवरून सुटतो. पुढचं रीळ घ्याल तेव्हा उजव्या हाताने पिच करणाऱ्याने डाव्या हँडलचं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. लांब फेकीला हातपालट खपून जाते, कारण तिथे वेळ असतो.

फ्लिपिंगचं उत्तर इतिहासात आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातला डी थॉमस हा मासेमार ट्यूल नावाच्या उंच लव्हाळ्यांमध्ये लांब काठी आणि आखूड बांधलेली लाइन घेऊन बास काढत असे. आपल्याकडे ओढ्यावर, तलावावर वेळूच्या काठीला तंगूस बांधून गळ टाकतात, जवळजवळ तसंच. १९७५ साली आर्कान्सामधल्या बुल शोल्स तलावावरची बासमास्टर स्पर्धा त्याने याच घराण्यातल्या तंत्राने जिंकली. त्याच काळात स्पर्धांमध्ये रॉडची लांबी ८ फुटांवर मर्यादित झाली, तेव्हा लांब काठीचं काम रीळ लावलेल्या साडेसात फुटी रॉडने करायची रीत पक्की झाली. म्हणून फ्लिपिंगमध्ये रिळाचं काम लाइन साठवणं आणि मासा ओढणं, एवढंच. रॉडच्या टोकापासून दोन-अडीच मीटर लाइन लोंबते, डाव्या हाताने रीळ आणि पहिल्या गाइडच्या मधून हातभर लाइन ओढून धरायची, जिग झुलवायचा, आणि तो पुढे जाताना हातातली लाइन सोडत जायची. स्पूल जोडलेलंच राहतं.

तिथे जे अडकतं ते स्पूलच्या बाहेर अडकतं. डाव्या हातातला ढिला वेढा हँडलच्या मुठीत किंवा ड्रॅगच्या चांदणीसारख्या चाकात जाऊन बसतो. हा डावा हात शरीरापासून दूर, बाजूला ताणून धरला तर वेढा पडत नाही, सरळ रेघ राहते. दुसरं म्हणजे टोकाच्या गाइडभोवती पडणारा फास. ब्रेडेड लाइन मऊ असते. जिग झटक्याने मागे खेचला की ती ढिली पडून टोकावर गुंडाळते, आणि वारा असला तर नक्कीच. जिग झुलवताना तो सतत लाइन ताणून ठेवेल एवढा संथ झोका घ्या, आणि वाऱ्याच्या दिवशी पाऊण औंसावर जा. काही जुन्या रिळांवर फ्लिपिंगचा वेगळा खटका असतो: तो लावला की कळ सोडताच स्पूल आपोआप जोडलं जातं, हँडल फिरवायची गरज नाही. तुमच्या रिळावर तो असेल आणि चुकून लागलेला असेल, तर पिच अर्ध्यात अडकण्याचं तेही कारण निघू शकतं.

फ्लोरोकार्बन (एकसंध, पारदर्शक लाइन) वापरणाऱ्यांसाठी एवढंच. २० ते २५ पौंडी फ्लोरोकार्बन कडक असतं, स्पूलवर गुंडाळून राहिलं की त्याला वेटोळ्याचा आकार लक्षात राहतो आणि सैल सोडताच ते स्प्रिंगसारखं उसळतं. निघण्याआधी किनाऱ्यावर जिग खांबाला बांधून वीस मीटर लाइन हळूहळू ताणून घ्या. मी पिचिंगला ब्रेडेडच वापरतो. स्वच्छ पाण्याच्या तलावांवर मात्र फ्लोरोकार्बन घ्यावंच लागतं.

गुंता पडलाच तर पहिली प्रतिक्रिया लाइन ओढायची असते, ती आवरा. ओढल्याने वेढ्यांची गाठ होते. अंगठा स्पूलवर जोरात दाबून ठेवा, तसाच दाब ठेवून हँडल दोन-तीन फेऱ्या फिरवा, मग कळ दाबून लाइन सावकाश बाहेर काढा. दाबामुळे वर आलेले वेढे सपाट होतात आणि अर्ध्याहून जास्त गुंते एवढ्यावर सुटतात. पुन्हा अडलं तर पुन्हा तेच. ब्रेडेड लाइनमध्ये टाचणी किंवा गळाच्या टोकाने वेढा उचलू नका, धागे विस्कटतात. फ्लोरोकार्बनला मोड पडली असेल तर त्या जागेवर नखाने चाचपून बघा. पांढरट रेघ दिसली की तिथपर्यंत कापून टाका, ती जागा पुढच्या माशाला तुटते.

सरावासाठी पाण्याची गरज नाही. जिगचा गळ कापून टाका, अंगणात किंवा गॅरेजमध्ये सहा मीटरवर बादली ठेवा. सर्वांत लांब पिचपेक्षा चार-पाच मीटर जास्त लाइन काढून स्पूलवरच्या उरलेल्या लाइनवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा. मग कितीही मोठा गुंता झाला तरी तो पट्टीपर्यंतच. बादलीसमोर एखादी खुर्ची ठेवून तिच्या खालून जिग न्यायला लागलात की डॉकखालचा कोन आपोआप येतो. पट्टी तलावावर जाण्याआधी काढा, नाहीतर मोठा मासा पट्टीपाशी लाइन तोडेल.

सुट्टीत महाराष्ट्रात गेलात आणि मरळीसाठी हाच रॉड नेलात तर सेटिंग बदला. जलपर्णीच्या कडेला, कमळाच्या पानांत मरळ हवा घ्यायला वर येते आणि ती जागा अनेकदा पिचच्याच टप्प्यात असते. पण तिथे जिगऐवजी पोकळ रबरी बेडूक बांधाल. तो दहा-बारा ग्रॅमचा, फुगीर, हवेला अडणारा, त्यामुळे वाटेतच मंदावतो. तेव्हा मॅग्नेटिक ब्रेक एक-दोन आकडे वाढवा, नॉबला मात्र हात लावू नका. बेडूक पाण्यावर तरंगतो, त्यामुळे खाली उतरतानाची लाइन देण्याची भानगड नाही. स्पूल लगेच जोडून घ्या, कारण मरळ जागेवरच झेपावते. पानांवर बेडूक अलगद टेकला पाहिजे हे खरं, पण त्यासाठी टोक फार खाली नेऊ नका. ओली लाइन पानांच्या कडांवर आणि देठांत पडली की पहिल्या ओढीलाच बेडूक भलत्या दिशेला जातो.